मजुरीचा हंगाम आणि मुलांची वाढ : कळमन्यातला एक वाद

कुटुंबाचे उत्पन्न मुलाच्या वाढीपर्यंत तीन वाटांनी पोचते. पहिली वाट खरेदीची. पैशातून डाळ, दूध, औषध, वही आणि शाळेची फी येते. दुसरी आईबापांच्या वेळेची आणि मनाची. उद्याच्या मजुरीची खात्री नसलेल्या घरात मुलाशी बोलायला, त्याचा अभ्यास घ्यायला, तापात त्याला उशाशी घेऊन बसायला किती सवड उरते, हा तिथला प्रश्न. तिसरी वाट वस्तीची. भाडे परवडेल तिथेच खोली मिळते, आणि त्या खोलीबरोबर तिथले पाणी, नाली, शाळा आणि दवाखानाही वाट्याला येतात. यांतली कोणती वाट मोठी आणि सरकारने आधी कोणती दुरुस्त करावी, यावर अर्थशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि शिक्षक यांचे आजही एकमत नाही.

नागपूरच्या पूर्वेकडचे कळमना हा वाद पाहायला योग्य ठिकाण आहे. नागपूर कृषी उत्पन्न बाजार समितीचे पंडित जवाहरलाल नेहरू मार्केट यार्ड इथे आहे. धान्य, मिरची, संत्री, कांदा-बटाटा, भाजीपाला यांचे वेगवेगळे विभाग आहेत. रात्री ट्रक लागतात, सकाळी हर्रास होतो. शेतकरी, अडते, व्यापारी, मापारी, हमाल आणि सांडलेले धान्य झाडून वेचणाऱ्या बाया असे उत्पन्नाचे सगळे थर एकाच आवारात भेटतात. भोवती चिखली, विजयनगर, भरतवाडा, पारडी अशा वस्त्या आहेत. तिथली बरीच कुटुंबे भंडारा, बालाघाट आणि छत्तीसगडकडून पोटासाठी आलेली आहेत.

वादाच्या दोन बाजू इथे दोन प्रातिनिधिक पात्रांच्या तोंडी दिल्या आहेत. संघटक बाजारातल्या हमालांमध्ये काम करतात. घरात नेमाने पैसा आला की बाकीचे मागोमाग येते, असे त्यांचे मत. मुख्याध्यापिकांची सारी नोकरी वस्तीतल्या शाळेत झाली. मुलाला घडवतात ती शाळा, अंगणवाडी, दवाखाना, स्वच्छ पाणी आणि आईचे शिक्षण. पैसा त्यानंतर, असे त्या मानतात.

वादाला सुरुवात होते ती उत्पन्न म्हणजे नेमके काय, इथपासून.

संघटक : मॅडम, दाखल्यावर हमालाचं उत्पन्न वर्षाचं लिहितात. वर्षाचं उत्पन्न त्याच्या हाती कधी आलंच नाही. त्याला पोत्यामागं पैसे भेटतात. ट्रक लागला तं काम, नाही लागला तं शेडमध्ये बसून राहा. संत्र्याचा आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे, मृग बहार फेब्रुवारी-मार्चात. मिरची जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. पाऊस लागला की आवक पडते. आणि आपल्याकडे विदर्भात शाळा कधी उघडते? जूनच्या शेवटी. दप्तर, वह्या, बूट, ऑटोचं भाडं, सारं नेमकं हात रिकामा असते तेव्हाच.

मुख्याध्यापिका : हे मला मान्य आहे, भाऊ. जुलैत माझ्या शाळेत पट भरलेला असतो आणि वर्ग अर्धा. पण माझा अनुभव दुसरीकडेही बोट दाखवतो. एकाच शेडमध्ये काम करणाऱ्या दोन हमालांची मुलं एका बाकावर बसतात. मजुरी सारखीच. एक रोज येतं, दुसरं आठवड्यातून दोनदा. फरक शोधायला गेलं तर आईचं शिक्षण सापडतं, नाहीतर बापाची दारू सापडते. दोन्ही पगारपत्रकात दिसत नाहीत.

संघटकांच्या मुद्द्याला अभ्यासाचा आधार आहे. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांची तोडणीआधी आणि तोडणीनंतर बौद्धिक चाचणी घेणारा एक अभ्यास २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. माणसे तीच होती. हातात पैसा आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली, पैसा संपलेल्या दिवसांत ती खालावली. गरिबीत माणसाचे लक्ष सतत उधारी आणि हप्त्यांत गुंतते, दुसऱ्या कामाला ते कमी पडते, असा त्याचा निष्कर्ष होता. कळमन्यातल्या घराला हा निष्कर्ष लावला तर वर्षभराची बेरीज सारखी असलेली दोन कुटुंबे मुलांच्या दृष्टीने सारखी राहत नाहीत. एका घरात पैसा दर महिन्याला येतो, दुसऱ्यात चार महिने भरभरून आणि मग अडत्याकडून उचल, किराणा दुकानाची वही आणि बचत गटाचे कर्ज. मुलाची वाढ मात्र पावसाळ्यात थांबून दिवाळीनंतर भरून काढता येत नाही. विशेषतः पहिल्या हजार दिवसांत, म्हणजे गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंत.

मिरचीचा हंगाम हे दिवस कसे जातात ते जवळून दाखवतो. नागपूर-भंडारा पट्ट्यात कुही, मांढळ, भिवापूरकडे मिरचीचे सातरे लागतात. तिथे बाया लाल मिरचीच्या ढिगाभोवती बसून एकेक देठ खुडतात आणि वजनावर मजुरी घेतात. नाकातोंडावर ओढणी बांधलेली असते, तरी ठसका लागतोच. बोटांची आग रात्री तेल लावूनही शमत नाही. अंगावर पिणारे लेकरू रडले तर त्याला उचलण्याआधी हात दोनतीनदा धुवावे लागतात, आणि धुतलेल्या हाताने त्याचा डोळा पुसायचीही भीती वाटते. म्हणून लेकरू सहसा घरी राहते, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. तिची शाळा त्या हंगामापुरती बुडते. एका घराच्या तोकड्या मजुरीने इथे दोन मुलांचे नुकसान एकदम होते. धाकट्याचे दूध तुटते, थोरलीचे अक्षर.

संघटक : संघटित क्षेत्रातल्या बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. सातऱ्यावरच्या बाईला काय? पंतप्रधान मातृवंदना योजनेत पहिल्या खेपेला पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. हप्त्याहप्त्यानं. सव्वीस आठवड्यांची मजुरी कुठं आणि पाच हजार कुठं! ती बाई सातव्या महिन्यापर्यंत काम करून राहिली आणि बाळंतपणानंतर दीड महिन्यात परत बसली, तं त्यात तिचं अज्ञान कुठं आलं?

मुख्याध्यापिका : अज्ञान मी म्हणत नाही. पण त्याच बाईला पाच हजारांऐवजी पंधरा हजार मिळाले आणि बाजाराजवळ पाळणाघर नसेल, तर लेकरू पुन्हा थोरलीच्याच कडेवर जाईल. मजुरी वाढली तर काम सोडणं उलट महाग पडतं. पाळणाघर, सकस आहार देणारी अंगणवाडी आणि सांगून-समजावणारी आशाताई, यांशिवाय तो पैसा लेकरापर्यंत पोचत नाही.

पाळणाघराच्या मुद्द्यावर मुख्याध्यापिकांची बाजू जड भरते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अंगणवाडी हे तिचे केंद्र. पण ती दिवसाचे काही तासच उघडी असते आणि बाजाराचा दिवस पहाटे सुरू होतो. तीन वर्षांखालच्या मुलांना तिथे बसवतही नाहीत, घरी नेण्याचा शिधा देतात. सहा महिन्यांचे बाळ दिवसभर कोणी पाहायचे, याचे उत्तर त्या योजनेत नाही.

आहाराबद्दलचे आकडे दोन्ही बाजूंना काही ना काही देतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.२ टक्के होते. देशभरात संपत्तीच्या सर्वांत खालच्या पाचव्या हिश्शात ते सुमारे ४६ टक्के, सर्वांत वरच्या हिश्शात सुमारे २३ टक्के. संघटकांना हवा तो पुरावा इथे आहे. पण त्याच पाहणीत शाळेचे तोंड न पाहिलेल्या आयांच्या मुलांत हे प्रमाण ४६ टक्के आणि बारावी किंवा त्यापुढे शिकलेल्या आयांच्या मुलांत २६ टक्के आहे. आईच्या शिक्षणाने पडणारी दरी जवळपास उत्पन्नाच्या दरीएवढी रुंद दिसते. शिवाय केरळात खुजेपणा २३.४ टक्के आणि उद्योगांत पुढे असलेल्या गुजरातेत ३९ टक्के. राज्य श्रीमंत झाले म्हणजे त्यातली लेकरे आपोआप उंच होतात असे नाही.

सर्वांत वरच्या हिश्शातही जवळपास दर चौथे मूल खुजे राहते, ही गोष्ट या वादात फारशी बोलली जात नाही. पैसा असलेल्या घरातही पाणी, जंत, आईचे लहान वयातले लग्न आणि ताटातली डाळीची वाटी यांचे प्रश्न शिल्लक असतात.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतून भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा माणशी रोज २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च ही त्यांनी कसोटी धरली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभाग सांभाळून पुण्याला परतलेले पां. वा. सुखात्मे यांनी त्या कसोटीला हरकत घेतली. शरीराची गरज दिवसागणिक बदलते, ते कमी अन्नाशी काही मर्यादेत जुळवून घेते, आणि दूषित पाण्यामुळे खाल्लेले अंगी लागत नाही. तेव्हा उष्मांकांइतकेच महत्त्व स्वच्छ पाण्याला द्या, असे त्यांचे म्हणणे होते. जुळवून घेण्याच्या या कल्पनेवर पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांच्यासारख्यांनी सडकून टीका केली. उपाशी शरीर लहान राहून तग धरते, त्याला निरोगी म्हणणे म्हणजे उपासमारीला मान्यता देणे होय. ती टीका रास्तच होती. पाण्याबद्दल मात्र सुखात्मे बरोबर होते, आणि पावसाळ्यात नाली तुंबलेल्या कुठल्याही वस्तीत ते पटते.

संघटक : रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट भेटते, २०२३ पासून. गहू-तांदूळ. पण डाळ, तेल, अंडं, भाजी विकतच. मार्केट शेजारी आहे, तरी हमालाच्या घरी संत्रं जाते ते डागी, हर्रासातून बाजूला काढलेलं. पोटं भरतात, मॅडम, पण पोट्टे पांढरे पडून राहिले.

पांढरे पडणे म्हणजे पंडुरोग, रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत तो आढळला. पिष्टमय धान्य स्वस्त आणि लोह-प्रथिने महाग, अशी बाजाराची रचना असली की गरिबीचे पहिले रूप उपासमार नसते, एकसुरी ताट असते. रक्त कमी असलेले मूल वर्गात झोपाळते, चटकन थकते, आणि शिक्षक त्याला मठ्ठ समजतात. आरोग्याचा प्रश्न असा नकळत शिक्षणाचा होतो.

मुख्याध्यापिका : म्हणूनच मी शाळेतल्या खिचडीला एवढं महत्त्व देते, भाऊ. तिथे उत्पन्नाचा दाखला विचारत नाहीत. बापाला त्या दिवशी काम मिळालं की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

शालेय पोषण आहार १५ ऑगस्ट १९९५ ला देशपातळीवर सुरू झाला. शिजवलेले अन्न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिला. प्राथमिक वर्गाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, उच्च प्राथमिकला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे माप आहे. २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाने त्याचा लांबचा परिणाम मोजला. ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळाले, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची वयानुसार उंची अधिक आढळली, आणि हा फायदा गरीब घरांत जास्त होता. हातात रोख न देता एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिलेली ही वाढ आहे. इतकी भक्कम नोंद असताना महाराष्ट्राने २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एकदा सुरू केलेल्या अंड्यासाठीचा वेगळा निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद केला आणि तो भार लोकसहभागावर टाकला. सधन वस्तीत लोकसहभागातून अंडे येईल. बाजाराभोवतालच्या वस्तीत ते कोण देणार? गरजेच्या ठिकाणीच जी सोय आटते, ती सेवा उरत नाही, हे मुख्याध्यापिकांनाही मान्य करावे लागते.

आजारपणाच्या बाबतीत सेवांची बाजू आणखी स्पष्ट आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी या गावांतला अर्भकमृत्युदर हजारी सुमारे ३९ होता, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत सुमारे ७७. दोन्हीकडची गरिबी सारखी होती. उत्पन्न वाढण्याची वाट न पाहता मृत्यू निम्म्यावर आणता येतात, याचा हा विदर्भातलाच पुरावा. पुढे घरच्या घरी नवजात काळजीचा हा नमुना देशाच्या कार्यक्रमात घेतला गेला.

संघटक : जीव वाचतो, हे खरं. पण कळमन्याच्या घरात पोट्टं आजारी पडलं की नुकसान दवाखान्याच्या बिलाचंच नसते. बाळंतपणाला डागा, मोठ्या दुखण्याला मेयो, नाही तं मेडिकल. या सरकारी दवाखान्यांत पैसे कमी लागतात. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार आहेत. पण सकाळी रांगेत लागलं की त्या दिवसाची हमाली बुडाली. सिकलसेलचं लेकरू असलं तं असे दिवस वर्षात किती होतात, विचारा त्या आईला.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. हा आजार उत्पन्नामुळे होत नाही, तो जन्मजात आहे. पण वेदनेचा झटका आल्यावर मूल किती लवकर दवाखान्यात पोचते आणि त्यासाठी घरातली कोणती मजुरी बुडते, हे उत्पन्नावर ठरते. मोफत उपचारालाही रोजंदारीच्या घरात किंमत पडते, ती बुडालेल्या दिवसाची.

शाळेच्या वयात वादाचा सूर बदलतो, कारण इथे पैशाने निवड विकत मिळते. २०२५ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शासकीय शाळेतल्या एका विद्यार्थ्यामागे कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये आणि इतर शाळांत २५,००२ रुपये आढळला. सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणीला जात होते. नागपुरात कुठल्याही इंग्रजी शाळेला ‘कॉन्व्हेंट’ म्हणतात, आणि हमालही उधारी काढून पहिल्या मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालतो. दोन-तीन वर्षांनी फी थकते, मूल मध्येच काढावे लागते, आणि ते मराठी किंवा हिंदी शाळेत ‘मागे पडलेले’ म्हणून येते. घरी छत्तीसगडी, गल्लीत हिंदी, पुस्तकात आधी इंग्रजी आणि मग मराठी, अशा चार भाषांत त्याचे वाचन अडकते.

यावर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने एक उपाय ठेवला. विनाअनुदानित खासगी शाळांतल्या प्रवेशवर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांसाठी राखीव. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा नियम केला. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्द ठरवला. नियम टिकला असता तर कळमन्यासारख्या शहरी भागात ही वाट जवळपास बंद झाली असती.

मुख्याध्यापिका : मी या २५ टक्क्यांच्या विरोधात नाही. पण वस्तीतल्या काही मुलांना कॉन्व्हेंटमध्ये पाठवून सरकार त्यांची फी भरणार आणि आमच्या शाळेत शिक्षकांच्या जागा रिकाम्या ठेवणार, हा उपाय मला अर्धवट वाटतो. शंभरातल्या पंचवीस जागा मिळाल्या, पण बाकीची मुलं कुठे शिकणार?

संघटक : तुमच्या शाळा सुधरेपर्यंत त्याचं पोट्टं दहावीच्या वयाचं होईल, मॅडम. बाप आजचं पाहते. आणि त्या पंचवीसमध्ये शिरायलाही कागद लागतो.

कागदाचा प्रश्न किरकोळ नाही. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग यांना या प्रवेशासाठी उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत असल्याचा दाखला लागतो. एक लाख म्हणजे साऱ्या कुटुंबाचे दिवसाला २७४ रुपये. परराज्यातून आलेल्या कुटुंबाला महाराष्ट्राचा जातीचा दाखला सहसा मिळत नाही, म्हणून त्यांच्यासाठी उत्पन्नाचीच वाट उरते. आणि ज्या हमालाची मजुरी नीट नोंदवली जाते, त्याचे उत्पन्न कागदावर एक लाखाच्या वर जाते. तितकेच कमावणारा, पण कुठेच नोंद नसलेला, मर्यादेत बसतो. उत्पन्न स्थिर आणि उघड झाल्याबद्दल मुलाची जागा जावी, ही रचना संघटकांच्या आणि मुख्याध्यापिकांच्याही मुळावर येते. या मर्यादेत वाढ करणे हे दोन्ही बाजूंचे समान मागणे व्हायला हवे.

नोंदीचा विषय निघाला की १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा समोर येतो. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा द्यायची, अशी त्याची रचना. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या चळवळींतून हमालाला कामगार म्हणून ओळख मिळाली. मुलाच्या बाजूने पाहिले तर या कायद्याची खरी देणगी मजुरीच्या दरापेक्षा तिच्या ठरलेल्या तारखेत आहे. महिन्याला पैसा येणार हे ठाऊक असलेले घर जूनच्या वह्यांची तजवीज मेमध्ये करू शकते. मिरचीची देठे खुडणाऱ्या आणि धान्य वेचणाऱ्या बाया मात्र बहुधा या छत्राबाहेर राहतात, आणि लेकराची काळजी त्यांच्यावरच असते.

रोख रकमेने मुलांत किती फरक पडतो, याचे परदेशी पुरावे एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेत मूळनिवासी चेरोकींच्या एका जमातीतल्या प्रत्येक प्रौढाला जमातीच्या कसिनोच्या नफ्यातून १९९६ पासून वाटा मिळू लागला. गरिबीतून वर आलेल्या घरांतल्या मुलांचे वर्तनाचे त्रास कमी झाले, आणि सर्वांत गरीब घरांतली मुले सरासरी एक वर्ष अधिक शिकली. उलट, २०१८-१९ पासून तिथल्याच एक हजार गरीब आयांवर झालेल्या प्रयोगात काहींना दरमहा ३३३ डॉलर आणि काहींना २० डॉलर दिले गेले. पहिल्या वर्षी बाळांच्या मेंदूलहरींत फरक दिसला, पण चौथ्या वर्षापर्यंत भाषा, वर्तन आणि आकलन यांत ठोस फरक सापडला नाही. चेरोकींची रक्कम मोठी होती आणि कायमची होती. दुसऱ्या प्रयोगातली तुलनेने लहान आणि मुदतीची.

मुख्याध्यापिका : म्हणजे महिन्याला थोडे पैसे दिले की मूल घडतं, हे सिद्ध झालेलं नाही.

संघटक : आणि थोडे पैसे पुरत नाहीत, हेच सिद्ध झालं, असंही म्हणता येते.

पैसा कोणाच्या हाती पडतो, यावर मात्र दोघांचे मत जुळते. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांचे निवृत्तिवेतन वाढल्यावर ते आजीला मिळाले त्या घरांत नातींचे वजन आणि उंची सुधारली, आजोबांना मिळाले तिथे तसा परिणाम दिसला नाही, असे एस्तेर दुफ्लो यांनी २००३ मध्ये दाखवले. महाराष्ट्रात जुलै २०२४ पासून अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या २१ ते ६५ वर्षांच्या बायांसाठी दरमहा १,५०० रुपयांची लाडकी बहीण योजना सुरू झाली. मुलांच्या दृष्टीने तिचे महत्त्व दोन गोष्टींत आहे. पैसा आईच्या खात्यात जमा होतो, आणि तो बाजारात आवक असो-नसो येतो. हप्ता लांबला तर या दोन्हींतली दुसरी गोष्ट नाहीशी होते.

चौदाव्या वर्षानंतर उत्पन्नाची पकड सर्वांत घट्ट होते. शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच आहे. २५ टक्क्यांतून कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मुलाला नववीत एकदम पूर्ण फी भरावी लागते. आठवीत घेतली जाणारी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झालेल्यांना नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, पण ती शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. म्हणजे ज्याला सरकारने खासगी शाळेत पाठवले, त्याला त्या परीक्षेला बसताच येत नाही. याच वयात मुलगा पोते उचलण्याजोगा होतो. १४ ते १८ वयाला धोक्याच्या कामांची बंदी आहे, बाकी कामे करता येतात, आणि त्याने हंगामात आणलेले पैसे शिष्यवृत्तीच्या महिना हजार रुपयांपेक्षा घराला जास्त दिसतात.

संघटक : बाप दुष्ट नसते. उधारी फेडायची असते. पोट्टं म्हणते, मीच जातो.

मुख्याध्यापिका : तेव्हा त्याला परत आणायला कोणीतरी घरी जावं लागतं, आणि ते माणूस शाळेचं असतं. माझ्या नोकरीत मुलांची नववी ते बारावीची हीच चार वर्षं सगळ्यांत अवघड गेली.

मुलींसाठी या टप्प्यावर काही तरतुदी आहेत. लेक लाडकी योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबात १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीला जन्मापासून अकरावीपर्यंत टप्प्याटप्प्याने आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये मिळून १,०१,००० रुपये मिळणार आहेत. त्या मुलींची अठरा वर्षे २०४१ पासून पूर्ण होऊ लागतील. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी २०२४-२५ पासून लागू आहे, पण तिथे पोचायला आधी बारावी व्हावी लागते. नववी ते बारावी या मधल्या चार वर्षांसाठी संघटक मागतात ती शिष्यवृत्तीची रक्कम दरमहा, आईच्या खात्यात, आणि खासगी शाळेतल्या मुलांनाही. मुख्याध्यापिका मागतात ती वस्तीपासून पायी जाता येईल अशी माध्यमिक शाळा, रिकाम्या जागा भरलेल्या, आणि हंगामात आठवडाभर न दिसलेल्या मुलाच्या घरी जायला एक माणूस.